मास्तरीणबाईंना सांगा

स्पॅनिश शिकायला जगभरचे लोक आमच्या शेला शहरात येतात, कारण ग्वातेमालाची माणसं म्हणे सावकाश बोलतात. सावकाश बोलायला आम्हाला कुणी शिकवलं, ते कुणी विचारत नाही. युद्धाच्या वर्षांत ज्यांनी भरभर बोलून टाकलं ते आज बोलायला उरले नाहीत. उरलो ते आम्ही.

माझ्या घरी विद्यार्थी राहतात त्याला खूप वर्षं झाली. वरची खोली, तीन वेळचं जेवण, रविवारी ज्याचं त्यानं बघावं. शाळेत त्यांना काळ आणि क्रियापदं शिकवतात. पोट बिघडलं, गॅस संपला, कुत्रं अंगावर आलं, एवढं माझ्या स्वयंपाकघरात आपोआप येतं. माझा नियम एकच. टेबलावर ज्वालामुखीबद्दल बोला, जत्रेबद्दल बोला, माझ्या घेवड्याला नावं ठेवायची असतील तर तीही ठेवा. घरच्या माणसांबद्दल बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर सगळे बरे आहेत.

माझी मुलगी नीनेत शाळेत शिकवते. तिथं वर्ग नसतो. एक मास्तरीण, एक विद्यार्थी, मध्ये छोटंसं टेबल, आणि सकाळभर समोरासमोर बसून बोलायचं. सुरुवातीला ही खुर्ची, ती खिडकी असं चालतं. मग मक्याचं पीठ पानात बांधून उकडलेले तामाल कसे करतात ते सांगून होतं. मग येशूच्या मिरवणुकीचं होतं. मग काय बोलणार? मग मास्तरणी स्वतःचं आयुष्य काढतात. एकीनं नवऱ्याची दारू सांगितली. एकीनं बापाला जीपमध्ये घालून नेलं ते सांगितलं. परदेशी लोक रडतात, आणि रडता रडता शिकलेला शब्द विसरत नाहीत. नीनेत मला हे कौतुकानं सांगायची.

मी म्हणायचे, "शिकव बाई, पण स्वतःलाच ताटात वाढून ठेवू नकोस."

"आई, बोलल्याशिवाय भाषा येत नाही."

"तुला येते ना? मग तू गप्प बस आणि तिला बोलू दे."

बिर्गित डेन्मार्कची. आमच्या जिभेवर ते नाव बसेना म्हणून आम्ही तिला ब्रीहिदा म्हणू लागलो. इतकी उंच की स्वयंपाकघराच्या चौकटीला रोज डोकं आपटायची, आणि रोज चौकटीची माफी मागायची. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला आली ती नाताळ करून ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांपर्यंत राहिली. तिच्या भाकऱ्या शेवटपर्यंत नकाशासारख्या झाल्या, पण चुलीपाशी उभं राहायची लाज तिला कधी वाटली नाही. नीनेत तापानं फणफणली होती तेव्हा कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत तिच्याजवळ बसली ती हीच. दोघी एका खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसायच्या, नखं रंगवायच्या, हसायच्या. माझ्या पोरीला तशी मैत्रीण कधी नव्हती, हे मी कबूल करते. मास्तरणींची आपसात मैत्री होत नाही, विद्यार्थी कुणाला मिळतो यावरून भांडणं होतात.

जानेवारीत माझ्या मुलाच्या बसचा ड्रायव्हर मेला. मिनोर समुद्राकडे जाणाऱ्या बसवर दारात लोंबकळून भाडं गोळा करायचा. हप्ता दिला नाही म्हणून ड्रायव्हरला मारलं, भर दिवसा, थांब्यावर. गोळी घालणारा मिनोरच्या समोरून, हाताच्या अंतरावरून उतरून गेला. तोंड झाकलेलं नव्हतं. आमच्याच मागच्या वस्तीतला पोरगा, आमच्याच बेकरीत पाव घेणारा.

दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. म्हणजे सगळ्या बसनं पाहिलं, पण पाहिलं म्हणणारा मिनोर एकटा. तो सरकारी वकिलाकडे जाऊन सांगून आला आणि मग घरी येऊन मला म्हणाला, "आई, मी सांगितलं."

"कुणाला विचारून?"

"त्याच्या हातावर चहा सांडला तरी तो मला आधी विचारायचा, तुला भाजलं नाही ना. त्याच्यासाठी कुणाला विचारायचं?"

ड्रायव्हरचं म्हणत होता. पोरगा तसा मूर्ख नव्हता, आणि मी त्याला तसा वाढवलाही नव्हता.

सुनावणी ईस्टरनंतर होती. तोवर त्याला वर डोंगरात, सिगुआनला, माझी बहीण तोमासा हिच्याकडे ठेवला. हे तिघींना ठाऊक. मी, नीनेत, तोमासा. शेजारणींना सांगितलं की मिनोर कामाला राजधानीत गेला. ब्रीहिदालाही तेच सांगितलं. तिनं मान हलवली आणि विचारलं, राजधानीत त्याला आईची भाकरी आठवत असेल ना. मी म्हटलं, आठवू दे.

आमच्याकडे एक समज पक्का आहे. युद्धात परदेशी लोक खेड्यांत येऊन नुसते दाराशी बसायचे. काही करायचे नाहीत. पुस्तक वाचायचे, डास मारायचे. पण गोरं माणूस दाराशी बसलेलं असलं की शिपाई त्या दारातून आत शिरताना दोनदा विचार करायचे. तेव्हापासून कचेरीत जायचं असो, रात्रीची बस धरायची असो, लोक एखादा परदेशी सोबत मिळतो का ते बघतात. गोऱ्या माणसाच्या शेजारच्याला कुणी हात लावत नाही, अशी आमची समजूत. ती कधी कधी खरीही ठरली आहे, म्हणूनच ती जात नाही.

मिनोरला दम्याचं औषध हवं होतं. मी म्हटलं, मी जाईन, भाजीची टोपली घेऊन, कुणाचं लक्ष जाणार नाही. पण त्या रविवारी मला गुडघ्यानं उठू दिलं नाही, आणि नीनेत म्हणाली, "मी देवळात जाते." देवळातून ती संध्याकाळी आली. बुटांना लाल माती होती. आमच्या देवळाबाहेर लाल माती नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "ब्रीहिदाला टेकडी दाखवली." मी पुढं विचारलं नाही, कारण औषधाची पिशवी खुंटीवर नव्हती आणि माझं काम झालेलं होतं.

शाळेची एक रीत आहे. दर शुक्रवारी निरोपाचं जेवण. जे जाणार असतात ते एकेक करून अंगणात, धुण्याच्या टाक्याशेजारी उभे राहतात आणि शिकलेल्या भाषेत बोलतात. मास्तरीण बाजूला उभी असते, पण तिनं शब्द पुरवायचा नाही. कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, कितीही चुका होवोत, कितीही वेळ लागो. शेवटी टाळ्या. आम्ही घरमालकिणी एकेक पदार्थ घेऊन जातो. त्या शुक्रवारी मी तामाल नेले होते, पातेलं मांडीवर घेऊन भिंतीकडेला बसले होते.

ब्रीहिदा उभी राहिली. नीनेतनं तिला स्वतःची नक्षीची ओढणी दिली होती.

"मी आले तेव्हा मला फक्त पाणी मागता येत होतं," ती म्हणाली. लोक हसले. "आता मला सगळं मागता येतं, पण मला काही मागायचं नाही. मला सगळं मिळालं. डोन्या एर्मेलिंदानं मला जेवण दिलं आणि रागावणं दिलं." पुन्हा हसले, माझ्याकडे वळून. "नीनेत माझी मास्तरीण होती, आता बहीण आहे. बहीण खोटं बोलत नाही. ती मला तिच्या भावाकडे घेऊन गेली."

मी पातेल्याचं झाकण धरलं.

"तो फार धीट आहे. त्यानं वाईट माणूस पाहिला, आणि तो घाबरला नाही."

"पोरी," मी बसल्या जागेवरून म्हटलं, "तामाल गार होतायत."

अंगणभर हशा पिकला. शाळेचे मुख्याध्यापक डोन लेओकाडिओ यांनी ओठांवर बोट ठेवून मला दटावलं, लाडानं. नीनेतचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण ती शब्द पुरवायचा नाही या रीतीनं उभी होती. आणि रीत मोडून तरी काय म्हणणार होती?

"संपलंच, डोन्या एर्मे," ब्रीहिदा म्हणाली. "तो सिगुआनला मावशीच्या शेतात बटाटे काढतो आणि वाट बघतो. ईस्टरनंतर तो न्यायाधीशासमोर बोलणार. मी माझ्या देशात सगळ्यांना सांगणार की ग्वातेमालात अशी माणसं आहेत. धन्यवाद."

केवढ्या टाळ्या. चूक एकही नव्हती म्हणे. दुसऱ्या मास्तरणी येऊन नीनेतला मिठ्या मारत होत्या, की तुझी विद्यार्थिनी काय बोलली. मी टाळ्या वाजवणारे हात बघत होते. विद्यार्थी, मास्तरणी, त्यांचे नवरे, मारिंबा वाजवणारे, खुर्च्या भाड्यानं आणून लावणारा, वाढपी बायका. सगळे ओळखीचे. तेच तर.

स्वयंपाकघरात नीनेतला मी कोपऱ्यात घेतलं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"फक्त तिला. आई, तिला घेऊन गेले ते मुद्दाम. ती बसमध्ये शेजारी असली तर कुणी काही करणार नाही म्हणून."

"बसमध्ये केलं नाहीच. इथं आणून केलं."

"तिला कळत नाही गं. तिला वाटलं ती त्याला मान देतेय."

"तू सांगायचं होतंस, हे बोलू नको."

"सांगितलं होतं, कुणाला सांगायचं नाही. तिला वाटलं, आपल्या माणसांना सांगायला काय हरकत आहे. सगळे आपलेच आहेत ना, आई?"

"खुर्च्या लावतो तो कुठल्या वस्तीतला, ते तुझ्या त्या बहिणीला विचार."

ब्रीहिदा मागे येऊन उभी होती, हातात तामाल, डोळ्यांत पाणी. "डोन्या एर्मे, मी चुकीचं बोलले का?" मी तिच्या ताटात आणखी एक तामाल वाढला. शनिवारी तिचं विमान होतं. ज्याला उद्या जायचं त्याला काय शिकवायचं?

पहाटेच्या पहिल्या बसनं मी सिगुआन गाठलं. मिनोर शेतात ओणवा होता. मला बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आज शनिवार. तू शनिवारी का आलीस? कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. चल, कपडे घे."

मी सगळं सांगितलं. तो आधी हसला. "बाई बोलते मात्र छान," म्हणाला. "तोमासामावशीचे खारे बटाटे सालीसकट खाल्ले तिनं." मग म्हणाला, "मी जात नाही. तिथल्या कुणी काही ऐकलं नसेल. आणि ऐकलं असेल तर कुठं गेलो तरी ऐकलंच असेल. साक्ष तर द्यायची आहे."

"साक्ष द्यायला जिवंत लागतोस."

"मग इथून तिथं. दुसऱ्या मावशीकडे."

"दुसरी मावशी नाही तुला. उत्तरेला जा. माझा चुलतभाऊ तिकडे शिकागोत आहे, तो बघेल. प्रकरण थंड झालं की ये."

तोमासा म्हणाली, "एर्मे, चार दिवस थांब, बघू कुणी येतंय का." मी म्हटलं, "आलेलं बघायला थांबत नाहीत." मिनोरनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी टोचायला नेताना बघायचा तसं. मग गेला. माझं ऐकायचा तो.

सिगुआनला कुणी आलं नाही. त्या आठवड्यात नाही, ईस्टरला नाही, त्यानंतर कधीच नाही. साक्षीदार नाही म्हणून तो मागच्या वस्तीतला पोरगा सुटला. बेकरीत मला बघून टोपी काढतो, वाट देतो, "आधी तुम्ही, डोन्या" म्हणतो.

मिनोरचा एक फोन अमेरिकेच्या सीमेजवळून आला. म्हणाला, इथं सगळे आपल्यासारखेच आहेत, कुणी होंडुरासचा, कुणी आपल्याकडचा, उद्या चालायला लागणार, दम्याचं औषध आहे. त्यानंतर नाही. पाऊस आला, मका उभा राहिला, कापला. फोन नाही.

तेव्हा एकदा भांडी घासताना नीनेत माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मी त्याचं ठिकाण फोडलं. ते माझं. पण डोंगरावर कुणी आलं नव्हतं, आई. वाळवंटात त्याला कुणी पाठवलं?"

मी आजही तेच करीन. आईनं दुसरं काय करायचं असतं, ते मला कुणीतरी सांगावं. पण त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही आणि ती माझ्याशी.

घर मात्र एकच. चूल एक. टेबलही एक, आणि टेबलावर कायम कुणी ना कुणी विद्यार्थी. मग ते असं सुरू झालं.

"मास्तरीणबाईंना सांगा, घेवडा संपलाय. अंडं हवं तर तळते."

विद्यार्थी बिचारा नीनेतकडे वळायचा. "मास्तरीणबाई, डोन्या एर्मे म्हणतात, घेवडा संपला आहे. अंडं हवं का?"

"त्यांना सांगा, नको. आणि सांगा, आज दुपारी छताला माणूस येणार आहे."

"डोन्या एर्मे, आज माणूस छताला येणार आहे."

"त्याला सांगायला सांगा की मागच्या वेळचं छत अजून गळतंय."

सगळ्यांना वाटलं, ही शाळेची पद्धत. एका कॅनडाच्या मुलीनं तर डोन लेओकाडिओंना जाऊन सांगितलं की हे फार उपयोगाचं आहे, सगळ्याच घरांत ठेवा. घरातलं सगळं असं परक्यांच्या तोंडून इकडून तिकडे गेलं. नीनेतचं ऑपरेशन ठरलं ते मला एका जपानी मुलानं सांगितलं, दोनदा, नीट समजावं म्हणून. मिनोरच्या शोधासाठी, डीएनए तपासायला, गालाच्या आतून कापूस फिरवून द्यायला आम्ही दोघी गेलो, पण वेगवेगळ्या दिवशी.

ब्रीहिदाचा फोन दर नाताळला यायचा. आता ती आमच्यासारखीच बोलते, आमच्या शिव्यांसकट. "मिनोर कसा आहे?" विचारायची, आणि नीनेत माझ्यादेखत सांगायची, "बरा आहे. उत्तरेला आहे. काम आहे त्याला." एकदा मी त्या वेळच्या विद्यार्थिनीकडून विचारलं की मास्तरीणबाई खोटं का बोलतात. उत्तर आलं, "त्यांना सांगा, ब्रीहिदाला कळलं तर ती ही भाषा पुन्हा तोंडातून काढणार नाही. मी शिकवलेलं तेवढं एकच पूर्ण झालंय."

यंदा वरच्या खोलीत होरिस आहे. बेल्जियमचा, म्हातारा, बायको गेलेली, आयुष्यभर ट्राम चालवली. मुलानं पेरूतली बायको केली, नात फक्त स्पॅनिश बोलते, तिच्याशी बोलायचं म्हणून आला. तोंडात घास असला तर आधी गिळणार, मग बोलणार. निरोप पोचवताना नीनेतकडे नाही, माझ्याकडे बघायचा. मला ते आवडायचं नाही.

फोन जेवणाआधी आला. मी भाकऱ्या थापत होते. माणूस सरकारी होता, पण माझ्याशी सावकाश बोलला, नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याशी बोलावं तसं. ॲरिझोनाचं वाळवंट. हाडं कधीच सापडली होती, जुळवायला उशीर झाला. शेजारी पाण्याचा कॅन होता, रिकामा. घरून निघाला त्याच उन्हाळ्यात मेला होता. घरात आणखी कुणी आहे का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मुलगी आहे.

मग नीनेत आणि होरिस शाळेतून आली. हात धुतले. बसली. मी वाढलं.

"होरिस," मी म्हटलं, "मास्तरीणबाईंना सांगा, त्यांच्या भावाचा पत्ता लागला."

होरिस वळला. "मास्तरीणबाई, डोन्या एर्मे म्हणतात..." मग त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. पीठ तसंच होतं, वाळून भेगाळलेलं.

"सांगा, वाळवंटात सापडला. हाडं."

त्यानं चमचा ताटाच्या कडेला ठेवला. "नाही, डोन्या. हे मी सांगणार नाही."

"शब्द येत नाहीत?"

"शब्द येतात."

नीनेत हात मांडीवर ठेवून बसली होती. ऐकलं तिनं सगळं होतं, ती रोजच ऐकायची. पण माझ्याकडे बघत नव्हती. कुणीतरी सांगायची वाट बघत होती.

"नीनेत," मी म्हणाले. ते नाव तोंडातून काढायला मला घसा खाकरावा लागला. "मिनोर गेला."

"कधी?"

"त्याच उन्हाळ्यात. फोन केला आणि निघाला, तेव्हाच."

ती हिशोब करत असावी. तिचे ओठ हलले. "म्हणजे मी तुला भांडी घासताना बोलले तेव्हा..."

"तेव्हा तो नव्हता."

चुलीवरची भाकरी जळायला लागली होती. नीनेतनं उठून ती काढली, बोटांनी, भाजलं तरी. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"नऊ दिवसांची प्रार्थना घालावी लागेल," ती म्हणाली. "तोमासामावशीला आणायला मी जाते."

"जा."

"ब्रीहिदाला काय सांगू?"

होरिस ताटात बघत होता. मी हातांवरचं पीठ चोळून काढलं. "खरं सांग," मी म्हणाले. "सगळं सांग, त्या शुक्रवारपासून. सावकाश सांग. तिला सगळं समजतं आता."

नीनेत फोन घेऊन अंगणात गेली. टाक्याजवळ पाठमोरी उभी राहिली. फोन लागला की नाही ते आतून दिसत नव्हतं. होरिस उठला, न सांगता सगळ्यांची ताटं उचलू लागला. मी त्याला खाली बसवलं आणि भाकऱ्या गार झाल्या होत्या त्या पुन्हा तव्यावर टाकल्या.